नसेजवळची अक्कलदाढ : शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते आणि खालचा ओठ, हनुवटी व खालचे दात यांची संवेदना तिच्यामुळेच असते. हाडात अडकलेल्या अक्कलदाढेची मुळे कधीकधी या नसेला टेकलेली असतात. अशी दाढ काढताना नस दुखावली, तर ओठ बधिर होतो. तोंड मात्र वाकडे होत नाही, कारण ओठ हलवणारी नस वेगळी आहे. बधिरपणा बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, पण क्वचित कायमचा राहतो, म्हणूनच आम्ही घाई करत नाही.

ओपीजी एक्स-रेवर (संपूर्ण जबड्याचा एकत्रित सपाट एक्स-रे) नसेच्या मार्गाची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली किंवा मुळावर काळसर पट्टा दिसला, तर आम्ही सीबीसीटी स्कॅन (जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारी तपासणी) करून घ्यायला सांगतो. मूळ नसेच्या पुढे आहे, मागे आहे की तिला चिकटले आहे, हे सपाट एक्स-रेवर कळत नाही.

दाढ दुखत नसेल, किडलेली नसेल आणि शेजारच्या दाढेला त्रास देत नसेल, तर ती तशीच ठेवून वेळोवेळी तपासणे योग्य ठरते. मूळ आणि नस यांच्यामध्ये हाड शिल्लक असेल, तर दाढेचे तुकडे करून ती पूर्ण काढता येते.

मूळ नसेला चिकटलेलेच असेल, तर कोरोनेक्टॉमीचा विचार करावा, असे आमचे मत आहे. यात दाढेचा वरचा भाग कापून काढतात, मुळे हाडाच्या कडेच्या २ ते ३ मिलिमीटर खाली घासून तशीच ठेवतात आणि हिरडी शिवून घेतात. मुळे ठेवणे म्हणजे काम अर्धवट सोडणे नव्हे. पहिल्या वर्षभरात ती बहुधा थोडी वर, नसेपासून दूर सरकतात. फारच वर आली, तर नंतर काढावी लागतात, पण तेव्हा धोका कमी असतो. कीड दाढेच्या आतल्या, तिच्या स्वतःच्या नसेपर्यंत पोहोचली असेल किंवा मुळाशी पू असेल, तर मात्र हा उपाय करता येत नाही. कापताना मुळे हलली, तर ती काढावीच लागतात, म्हणून दोन्हींसाठी आपली संमती आधीच घेतली जाते.

शस्त्रक्रियेनंतर तंबाखू, मिश्री व सिगारेट जखम भरेपर्यंत पूर्ण बंद ठेवावी. भुलीचा बधिरपणा काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठावर कापसाचा बोळा फिरवून स्पर्श कळला नाही, तर त्याच दिवशी आम्हाला कळवावे. कोरोनेक्टॉमीनंतरचा एक्स-रे जपून ठेवावा आणि पुढे कोणत्याही दंतवैद्याकडे गेल्यास तो आधी दाखवावा.