‘आमची खापरपणजी ह्युरॉन होती’ : क्युबेकमधल्या एका दाव्याची पार्श्वभूमी

कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या कितीतरी फ्रेंचभाषक घरांत आपली एखादी खापरपणजी ह्युरॉन होती, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुरावा म्हणून आजोबांचे काळेभोर केस, आत्याच्या गालांची वर आलेली हाडं आणि एखादा जुना धुरकट फोटो पुढे केला जातो. गंमत म्हणजे ही कथा तपासता येते. सतराव्या शतकापासूनच्या कौटुंबिक नोंदी इतक्या सलग जपल्या गेलेले समाज जगात थोडेच असतील. तपासल्यावर मात्र बहुतेक घरांची कथा एक तर मोडते, नाहीतर सांगितली होती तशी राहत नाही.

ह्युरॉन हे उत्तर अमेरिकेतल्या एका मूळ लोकसमूहाला फ्रेंचांनी दिलेलं नाव. हे लोक स्वतःला वेंडॅट म्हणवतात. आजच्या ऑन्टारिओत, जॉर्जियन बे या उपसागराच्या काठी त्यांच्या मोठ्या वस्त्या होत्या. मका, घेवडा आणि भोपळा पिकवणारी, लांबलचक सामाईक घरांत राहणारी ही शेतकरी मंडळी. कुळ आईकडून चालायचं. 1615 मध्ये क्युबेक वसवणारा फ्रेंच शोधक शांप्लँ त्यांच्या प्रदेशात पोचला तेव्हा त्यांची संख्या वीस ते तीस हजारांच्या घरात असावी, असा अंदाज आहे. पुढे 1634 ते 1640 या काळात देवी आणि इतर साथींनी जवळपास निम्मी माणसं नेली. 1648-49 मध्ये इरोक्वा या शेजारच्या मूळ लोकांच्या संघाच्या हल्ल्यांत गावं जळाली. मार्च 1649 मध्ये ब्रेबफ हा जेझुइट (कॅथलिक धर्मप्रचारक पंथाचा पाद्री) मारला गेला आणि त्यानंतर जेझुइटांनी सँत-मारी हे आपलं ठाणं स्वतःच्याच हाताने पेटवून दिलं. उरलेल्यांनी एका बेटावर उपासमारीचा हिवाळा काढला. त्यातले जेमतेम तीनशे जण 1650 मध्ये क्युबेकला आले. बाकीचे पश्चिमेकडे पांगले किंवा इरोक्वांमध्ये मिसळून गेले.

हा तीनशेचा आकडा लक्षात ठेवायला हवा. आज लाखो लोक ज्यांना आपली ह्युरॉन पूर्वज मानू पाहतात, त्या स्त्रिया एवढ्याशा निर्वासित वस्तीतून आलेल्या असायला हव्यात. ही वस्तीसुद्धा एका जागी टिकली नाही. क्युबेकजवळच्या ऑर्लेआं बेटावर 1656 मध्ये इरोक्वा संघातल्या मोहॉकांनी छापा घातल्यावर ती क्युबेक शहराच्या आसऱ्याला आली, मग बोपोर, सँत-फ्वा, आंसिएन-लोरेट असं करत 1697 मध्ये ज्यून-लोरेटला स्थिरावली. तेच आजचं वेंडाके.

मग लग्नं किती झाली? कागदावर तरी धोरण मिश्रणाच्या बाजूचं होतं. वसाहत चालवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या 1627 च्या सनदेने बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिकांना जन्मजात फ्रेंच प्रजेसारखं मानलं. आमची मुलं तुमच्या मुलींशी लग्न करतील आणि आपण एकच लोक होऊ, अशा अर्थाचं शांप्लँ बोलला होता. पुढे चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानेही पॅरिसहून तेच लावून धरलं. पण 1663 ते 1673 च्या दरम्यान राजाच्या खर्चाने फ्रान्सहून सुमारे 770 ते 800 लग्नाळू मुली वसाहतीत आल्या आणि मिश्र लग्नांची निकड संपली. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात चर्चमध्ये लागलेली असली लग्नं फारच थोडी आहेत.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं लग्न 26 सप्टेंबर 1662 ला क्युबेकमध्ये झालं. वधू कातरीन आनेनोंताक, निकोला आरेंदांकी आणि जान ओत्रिहुआंदी यांची मुलगी. वर जाँ द्युरां, फ्रान्सच्या सँतोंज भागातून आलेला. ह्युरॉनांचा देश उद्ध्वस्त झाला त्याच सुमाराला ती जन्मली, क्युबेकच्या उर्सुलिन जोगिणींकडे वाढली आणि लग्नाच्या वेळी साधारण तेरा वर्षांची होती. द्युरां वारल्यावर 1672 मध्ये तिने जाक कुत्युरिएशी लग्न केलं, नंतर आणखी एकदा. 1709 मध्ये ती बातिस्कांला वारली. ह्युरॉन पूर्वज असल्याचा दावा कागदावर सिद्ध होतो, तेव्हा वंशवृक्षाच्या वरच्या टोकाला फार वेळा हीच बाई सापडते. तिच्या नावाची स्पेलिंगं मात्र अर्धा डझन आहेत, कारण पाद्री कानाला येईल तसं लिहीत. शिवाय ‘ऊ’ किंवा ‘व’ या ध्वनीसाठी जेझुइट 8 च्या आकड्यासारखं एक अक्षर वापरत. नकल करताना पुढच्या माणसाने ते कधी गाळलं, कधी त्याचं भलतंच काही केलं.

दुसरं गाजलेलं नाव मारी ऑलिव्हिए सिल्व्हेस्त्रचं. 1644 मध्ये तिने मार्तँ प्रेव्होशी लग्न केलं. तिला अनेक वंशवृक्षांत बिनदिक्कत ‘ह्युरॉन’ लिहिलेलं असतं, पण अभ्यासक सहसा तिला अल्गोंकिन मानतात. दोन्ही लोकांच्या भाषा, राहणी, कुळपद्धती वेगळ्या. ह्युरॉन हे नाव घरोघरी माहीत झालेलं, म्हणून कुठलीही स्थानिक पूर्वज त्याच खात्यावर जमा होते.

या शोधाला बळ मिळतं ते नोंदींमुळे. क्युबेकमधल्या चर्चच्या नोंदी 1621 पासूनच्या आहेत. 1640 च्या आगीत क्युबेकच्या चर्चचं दप्तर जळालं, ते लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहिलं गेलं. लग्नानंतरही बाईची नोंद माहेरच्या आडनावाने होत असल्यामुळे आईची बाजू पिढी-पिढी मागे नेता येते. पाद्री सिप्रिएं तांगेचा वंशकोश 1871 ते 1890 मध्ये सात खंडांत निघाला. पुढे रने जेते याने 1983 मध्ये 1730 पर्यंतच्या कुटुंबांचा अधिक काटेकोर कोश दिला, आणि माँट्रियल विद्यापीठाने जुन्या नोंदी संगणकावर एकमेकींशी जोडल्या. अडथळेही आहेतच. एकाच माणसाची दोन आडनावं असतात, म्हणजे ‘द्युरां उर्फ लाफोर्त्युन’ याची मुलं पुढे नुसती लाफोर्त्युन होऊ शकतात. ‘पानी’ अशी नोंद दिसली तर ती ह्युरॉन नव्हे. पश्चिमेकडून पकडून आणलेल्या स्थानिक गुलामांना हा शब्द लावत. मार्सेल त्रुदेल या इतिहासकाराने वसाहतीतले सुमारे 4,200 गुलाम मोजले आणि त्यांतले दोन-तृतीयांश स्थानिक होते.

नोंदीत आईबापांची नावं नसली की कल्पनेला पाय फुटतात. कातरीन पिलार हिचं प्रकरण माझ्या मते प्रत्येक हौशी संशोधकाने वाचावं. तिने 1665 मध्ये पिएर शारोंशी लग्न केलं. तिच्या सलग मातृवंशातल्या काहींची मायटोकाँड्रियल डीएनए (फक्त आईकडून मुलांकडे जाणारा डीएनए) चाचणी झाली आणि निकाल आला हॅप्लोग्रुप, म्हणजे वंशगट, ‘ए’. हा गट अमेरिकेतल्या मूळ लोकांत आढळतो. लगेच ती ह्युरॉन असल्याचा सिद्धान्त उभा राहिला. पुढे चाचणी बारकाईने झाली तेव्हा उपगट निघाला ‘ए10’. तो युरेशियातला, अमेरिकेतला नव्हे. तिचा बाप्तिस्मा फ्रान्सच्या ला रोशेलमध्ये झाल्याची नोंदही सापडली. चाचणी खोटी नव्हती, तिचा अर्थ घाईने लावला गेला होता.

डीएनएची आणखी एक मर्यादा हिशेबानेच कळते. 1660 च्या सुमाराची पूर्वज म्हणजे साधारण अकराव्या पिढीतली. त्या पिढीत माणसाचे 2,048 पूर्वज असतात, म्हणजे तिचा वाटा सरासरी 0.05 टक्के, आणि तोही वाटेत पूर्ण गळून जाऊ शकतो. क्युबेकमधल्या जनुकीय अभ्यासांतही अर्ध्याहून अधिक लोकांच्या वंशवृक्षात निदान एक स्थानिक पूर्वज सापडते, पण एकूण जनुकीय वाटा सरासरी एक टक्क्याच्याही आत राहतो. म्हणून घरी मागवलेल्या चाचणीत ‘शून्य’ आलं तरी कातरीन तुमची पूर्वज नाही असं ठरत नाही. उपयोगी ठरते ती मायटोकाँड्रियल चाचणी, पण ती आईच्या आईच्या आईकडे जाणारी एकच ओळ दाखवते. वेंडॅट लोक कुळ मोजत ते याच ओळीने.

मिश्रण उलट दिशेनेही झालं, आणि घरगुती कथांत ते येत नाही. लोरेटच्या वस्तीने फ्रेंच अनाथ मुलं आणि न्यू इंग्लंडहून पकडून आणलेले इंग्रज दत्तक घेऊन वाढवले. त्यांची मुलं ह्युरॉन म्हणूनच मोठी झाली. सिउई, ग्रो-लुई, पिकार, व्हँसाँ, बास्तिएं ही वेंडाकेची जुनी आडनावं. यांतलं पिकार किंवा व्हँसाँ आपल्या वंशवृक्षात दिसलं की लोक हरखतात, पण ही दोन्ही अगदी सामान्य फ्रेंच आडनावंही आहेत.

2003 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेटी, म्हणजे स्थानिक आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांच्या हक्कांबद्दल पॉवली निकाल दिला. त्यानंतर एकाच दूरच्या पूर्वजाच्या जोरावर स्थानिक ओळख सांगणाऱ्या संघटना वाढल्या. हे मला पटत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीची पूर्वज असणं वेगळं आणि त्या समाजाने आपला मानणं वेगळं.

मात्र कथा खरी असण्याची एक जवळची शक्यता दुर्लक्षित राहते. 1869 च्या कायद्याने बाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्थानिक स्त्रीचा कायदेशीर दर्जा काढून घेतला. 1876 च्या इंडियन अ‍ॅक्टनेही तेच ठेवलं आणि ही तरतूद 1985 पर्यंत टिकली. लोरेटची मुलगी क्युबेक शहरातल्या फ्रेंच कामगाराशी लग्न करून गेली की ती आणि तिची मुलं सरकारी यादीतून नाहीशी होत. तेव्हा खापरपणजीचा शोध 1662 पासून नव्हे, आजीच्या लग्नाच्या नोंदीपासून मागे न्यावा. वाट 1870 ते 1920 च्या दरम्यान ज्यून-लोरेटकडे वळली, तर तिथल्या सँ-आम्ब्रुआझ चर्चच्या आणि ह्युरॉन मिशनच्या नोंदी आधी उघडाव्यात. घराणं पश्चिमेकडे पांगलेल्या ह्युरॉनांशी जोडलेलं, डेट्रॉइटकडचं असेल तर पाहायचं दप्तरच वेगळं : 1704 पासूनच्या सँत-आन चर्चच्या नोंदी, आणि नदीपलीकडच्या मिशनमध्ये पाद्री पोतिएने ठेवलेले कागद.