लायसन्स काढताय? मग हाताचे इशारे हाताने शिका

आरटीओच्या ट्रॅकवर भाचीचा नंबर आला आणि नेमका स्कूटरचा मागचा इंडिकेटर लागेना. निरीक्षकांनी विचारलं, "मग डावीकडे वळायचंय हे मागच्याला कसं सांगशील?" तिने झटकन डावा हात बाहेर काढला. "उजवा हात, बाळ," ते म्हणाले आणि पुढच्या तारखेला गाडी नीट करून यायला सांगितलं. लर्निंगच्या परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि तिने उत्तर बरोबर दिलं होतं. उत्तर पाठ होतं, हाताला सवय नव्हती. म्हणून लायसन्सची प्रक्रिया सांगताना मी इशाऱ्यांवर जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी पात्रता. गिअरची दुचाकी आणि चारचाकी यांसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी १६ व्या वर्षी चालते, पण पालकांची संमती लागते. व्यावसायिक वाहनासाठी वय २० आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं.

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर होतो. आधार क्रमांक दिलात तर नाव, पत्ता आणि फोटो आधारवरूनच येतात आणि परीक्षा घरी बसून देता येते. महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे. त्यामुळे आधारवरचा पत्ता जुना असेल तर तो आधी बदलून घ्या, नंतर निस्तरणं अवघड जातं. आधार न वापरता अर्ज केला तर कागदपत्रं घेऊन कार्यालयात जावं लागतं: वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पत्त्यासाठी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, शिवाय फोटो. तब्येत ठीक असल्याचं स्वयंघोषणापत्र म्हणजे नमुना १. वय चाळिशीच्या पुढे असेल किंवा व्यावसायिक लायसन्स हवं असेल, तर डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सचं शुल्क प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये, परीक्षेचे ५० रुपये वेगळे.

परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहावा लागतो. तो चालू ठेवून चहा करायला जाऊ नका. मग १५ प्रश्न, त्यांतले ९ बरोबर आले की पास. चिन्हं, रेल्वे फाटक, अपघात झाल्यावर चालकाने काय करायचं, सोबत कोणते कागद ठेवायचे, असे विषय असतात आणि हाताच्या इशाऱ्यांचे प्रश्नही येतात.

आता ते इशारे. सगळे उजव्या हाताचे, कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि डावा हात बाहेरून दिसतच नाही. वेग कमी करायचा असेल तर हात बाहेर काढून, तळवा जमिनीकडे ठेवून काही वेळा खाली-वर करायचा. थांबायचं असेल तर हात कोपरातून उभा, तळवा उजवीकडे. उजवीकडे वळायचं असेल तर हात आडवा ताठ, तळवा समोर. डावीकडे वळायचं असेल तर हात लांब करून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर हात आडवा धरून मागे-पुढे अर्धवर्तुळात हलवायचा.

गोंधळ या शेवटच्या दोघांत होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. घाटात पुढच्या ट्रकमधून हात हलताना दिसला की बहुतेक जण "जा" असाच अर्थ लावतात. पण तो गोल फिरतोय की झुलतोय, हे नीट पाहायला हवं. त्यात काही ट्रकवाले उजवा इंडिकेटर लावून "ओव्हरटेक कर" सांगतात आणि काही खरोखर उजवीकडे वळतात. मी तरी पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसल्याशिवाय कुणाच्याही इशाऱ्यावर पुढे जात नाही, आणि शिकणाऱ्यांनाही तेच सांगते.

हे इशारे आजही कोण देतं? जुने ट्रकचालक, सायकलवाले आणि मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून निघालेला दूधवाला, कारण त्याचे मागचे दिवे कॅनमागे झाकलेले असतात. एसी लावून काचा बंद केलेल्या गाडीतून हात बाहेर येत नाही, आणि तिथे बसलेल्याला दूधवाल्याचा हात काय सांगतोय हेही पुष्कळदा कळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२१ प्रमाणे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत वळण्याचा किंवा थांबण्याचा इशारा विजेच्या दिव्याने देता येतो. पण ती मुभा आहे. पक्क्या लायसन्सच्या चाचणीचे निकष केंद्रीय नियम १५ मध्ये आहेत, त्यांत इशारा वेळेवर आणि निःसंदिग्ध, "हाताने किंवा इंडिकेटरने" द्यावा असं आहे.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर चाचणी देता येते. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा आणि सोबत पक्कं लायसन्स असलेली शिकवणारी व्यक्ती. रोज दहा मिनिटं इशाऱ्यांना द्या. दुचाकीवर उजवा हात काढला की थ्रॉटल सुटतो आणि गाडी एकदम मंदावते; मागचा अंगावर येऊ शकतो. म्हणून आधी आरसा पाहा, वेग उतरवा, इशारा द्या, हात परत हँडलवर घ्या आणि मगच वळा. वळताना दोन्ही हात हँडलवरच हवेत. मोकळ्या मैदानावर हे जमल्याशिवाय रस्त्यावर करू नका.

चाचणीला ज्या प्रकारचं लायसन्स हवं तशी गाडी तुम्हीच न्यायची, सोबत आरसी, विमा, पीयूसी आणि शिकाऊ लायसन्स. चाचणीचे प्रत्येक प्रकाराला ३०० रुपये आणि लायसन्सचे २००. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा, शुल्कही पुन्हा. तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबावं लागतं. आदल्या संध्याकाळी इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि हॉर्न तपासा.

भाची पुढच्या तारखेला गेली तेव्हा बल्ब नवा होता. तरी निरीक्षकांनी मागचाच प्रश्न विचारला, आणि या वेळी उजवा हात काट्यांच्या उलट फिरला.