कोकणची काळी वाळू, गॅसबत्ती आणि दुर्मिळ मृदा

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (गुणांनी एकमेकांच्या जवळ असलेल्या धातूंच्या एका गटाच्या) निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि एरवी प्रयोगशाळेत राहणारी ही नावे वर्तमानपत्रांत आली. कोकणात अशा वेळी किनाऱ्यावरील काळ्या वाळूचा विषय निघणे स्वाभाविक आहे. मात्र तिच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा करावी, हे आधी पाहिले पाहिजे.

रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवी येथील पुळणींवर जे काळे पट्टे दिसतात, त्यांत प्रामुख्याने इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असते. ओसरणारी लाट हलके कण ओढून नेते आणि पाण्याच्या पावणेपाच पट जड असलेले इल्मेनाइट मागे राहते. साधे लोहचुंबक फिरवले तर मॅग्नेटाइटचे कण मिशांसारखे चिकटतात, इल्मेनाइट मात्र बहुतेक तसेच पडून राहते. दोन्ही खनिजे सह्याद्रीच्या बेसाल्टमधून झिजून आलेली आहेत. इल्मेनाइट म्हणजे लोह व टायटॅनियम यांचे ऑक्साइड. १७९१ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे विल्यम ग्रेगर या पाद्र्याने टायटॅनियम हे मूलद्रव्य प्रथम ओळखले, तेही अशाच काळ्या वाळूत.

दुर्मिळ मृदांचे खनिज मोनाझाइट हे वेगळे. ते ग्रॅनाइट व नाइस यांसारख्या जुन्या स्फटिकमय खडकांतून येते, लाव्हारसाच्या बेसाल्टमधून नव्हे; म्हणूनच त्याचे मोठे साठे केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आहेत. त्रावणकोरच्या वाळूतील मोनाझाइट १९०९ मध्ये शॉमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ओळखले. त्या काळी गरज होती ती त्यातील थोरियम या किरणोत्सारी धातूची. दशावताराच्या रात्री उजळणाऱ्या गॅसबत्तीचे मेंटल, म्हणजे ज्योतीवरची जाळी, मूळचे थोरियम ऑक्साइडचे, त्यात सुमारे एक टक्का सिरियम या दुर्मिळ मृदेचे ऑक्साइड. पहिल्यांदा पेटवल्यावर कापड जळून जाई आणि बोट लागताच चुरा होणारा पांढरा सांगाडा तेवढा उरे. तो सांगाडा म्हणजे सिरॅमिकच, आणि दुर्मिळ मृदांचा पहिला मोठा व्यापार त्याच्यावरच उभा राहिला.

पुढे विजेच्या दिव्याने मेंटल मागे पाडले, पण थोरियमला अणुऊर्जेचे महत्त्व आले. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ पासून केरळातील आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया होऊ लागली. १९८०च्या दशकात निओडिमियम या दुर्मिळ मृदेचे शक्तिशाली चुंबक आले आणि इतके दिवस दुय्यम मानलेल्या मृदांना भाव चढला. खाणीपेक्षा अवघड काम पुढचे आहे: रासायनिक गुण जवळजवळ सारखे असलेली ही मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करण्याचे. चीनचा वरचष्मा आहे तो मुख्यतः त्यातच.

टायटॅनियमचा उपयोग केवळ पांढऱ्या रंगापुरता राहिला नाही. १९४०च्या दशकात बेरियम टायटॅनेट या सिरॅमिकचे विद्युत गुणधर्म लक्षात आले आणि आज मोबाइलमधील शेकडो सूक्ष्म कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) त्याचेच असतात. ते दीर्घकाळ टिकावेत म्हणून त्यात अनेकदा डिस्प्रोसियमसारख्या दुर्मिळ मृदेचे ऑक्साइड अत्यल्प प्रमाणात मिसळावे लागते, आणि चीनने बंधन घातलेल्या सातांत डिस्प्रोसियमही आहे.