औद्योगिक सहजीवन

एका कारखान्यातून बाहेर पडणारी वाफ, राख, गाळ किंवा वापरलेले पाणी दुसऱ्या कारखान्याने कच्चा माल म्हणून घ्यावे, अशी वेगवेगळ्या मालकांच्या उद्योगांमधली देवघेव. डेन्मार्कच्या झीलंड बेटावरील कालुंडबोर्ग हे बंदर तिचे सर्वांत परिचित उदाहरण असून ही संज्ञाही १९८९ मध्ये तिथेच रूढ झाली.

कालुंडबोर्गची सुरुवात पाणीटंचाईतून झाली. भूजल अपुरे असल्यामुळे १९६१ मध्ये तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी टिस्यो सरोवरातून नळ टाकला गेला. १९७२ पासून हाच कारखाना आपला जादा वायू जवळच्या जिप्समबोर्ड (भिंती-छतांना लावायचे जिप्समचे तक्ते) कारखान्याला पुरवू लागला. सर्वांत मोठा टप्पा वाफेचा. कोळशावरच्या साध्या वीजकेंद्रात इंधनातली निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. १९८२ पासून आस्नेस वीजकेंद्राने तिथली वाफ शुद्धीकरण कारखान्याला आणि नोव्हो या औषध कंपनीला विकायला सुरुवात केली. इन्शुलिन तयार केल्यावर उरणारे यीस्ट डुकरांच्या खाद्यात गेले, तर गाळ शेतकऱ्यांनी खत म्हणून वापरला. धुरातला गंधक चुन्याने शोषून घेताना जिप्सम तयार होते. १९९३ पासून तेही बोर्डाच्या कारखान्याला मिळू लागले आणि आयात जिप्समची गरज घटली.

यातला एकही दुवा कुणी आराखडा काढून आखला नव्हता, हे फार महत्त्वाचे आहे. प्रत्येक व्यवहार दोन कंपन्यांमधला स्वतंत्र करार होता आणि दोघींना परवडला म्हणूनच टिकला. गाव लहान, व्यवस्थापक एकमेकांच्या ओळखीचे. त्यामुळे आपल्याकडे काय उरते हे शेजाऱ्याला सांगायला संकोच नव्हता. केवळ नकाशावर कारखाने शेजारी बसवून हा विश्वास तयार होत नाही.

या रचनेची दुखरी बाजू म्हणजे परस्परावलंबन. एक घटक बदलला की साखळी हलते. २०१९ च्या सुमारास आस्नेसने कोळसा सोडून लाकडाच्या चिपांचा वापर सुरू केला. हवामानाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते, पण कोळसा थांबला की त्याच्या धुरातून मिळणारे जिप्समही थांबते. टाकाऊ पदार्थाला गिऱ्हाईक आहे म्हणून प्रदूषक इंधन चालू ठेवणे हा मात्र या कल्पनेचा विपर्यास ठरेल.

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांत याच्याशी जुळणारी साखळी दिसते. बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वाफ आणि वीज, मळीपासून (साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट पाकापासून) इथेनॉल, प्रेसमडपासून (रस गाळून उरलेल्या गाळापासून) कंपोस्ट. काटेकोर अर्थाने हे सहजीवन नव्हे. बहुतेक दुवे एकाच संस्थेच्या आवारात असतात आणि ऊस पुरवणारे शेतकरीच तिचे सभासद असतात. अवघड दुवा आहे आसवनीतल्या (डिस्टिलरीतल्या) स्पेंटवॉशचा, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना तो साधारण ८ ते १५ लिटर निघतो आणि ओढ्यात सुटला तर पाणी काळे पडते, मासे मरतात. तो आटवून खास बॉयलरमध्ये जाळला तर वाफ मिळते आणि मागे उरलेली पोटॅशयुक्त राख खत म्हणून पुन्हा शेतात जाऊ शकते.