गर्भाशयातील तंतुअर्बुदे आणि ड जीवनसत्त्व (कोकण किनाऱ्याच्या संदर्भात)

गर्भाशयाच्या भित्तीतील अरेखित स्नायुपेशींपासून वाढणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठींना तंतुअर्बुदे म्हणतात. दवाखान्यात त्यांना ‘फायब्रॉइड’ म्हणतात, तर घरात ‘पिशवीला गाठ आहे’ एवढेच सांगितले जाते. ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि या गाठी यांचा काही संबंध असावा, या विचाराला साधारणतः २०१० नंतरच्या संशोधनातून जोर आला. ऊन आणि मासळी दोन्ही मुबलक असलेल्या कोकणपट्टीला तो कितपत लागू पडतो, याचा विचार नोंदीच्या उत्तरार्धात केला आहे.

ही गाठ स्नायूचीच असते, हे १८५४ च्या सुमारास रुडॉल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने दाखवले, असे सर्वसाधारणपणे मानतात. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते. सुमारे ७० टक्के गाठींत ‘एमईडी-१२’ या जनुकात उत्परिवर्तन आढळते. वाढीला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके लागतात, म्हणून न्हाण येण्यापूर्वी त्या दिसत नाहीत आणि पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात. अंगावरून जास्त जाणे, त्यातून रक्तक्षय, ओटीपोट जड वाटणे, वारंवार लघवीला होणे ही लक्षणे परिचित आहेत. पुष्कळ स्त्रियांना मात्र कसलाच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ सापडते.

कार्यपद्धती : त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यावर सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार-ब (अतिनील-ब, यूव्ही-बी) किरण पडले की त्यापासून ड-३ जीवनसत्त्व तयार होते. यकृतात त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप बनते आणि रक्ततपासणीत हेच मोजतात. पुढे मूत्रपिंडात कॅल्सिट्रिऑल हे क्रियाशील रूप तयार होते. कॅल्सिट्रिऑलचे वागणे संप्रेरकाचे आहे. पेशीकेंद्रकातील ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटून ते अनेक जनुकांचे काम चालू-बंद करते. हा ग्राही हाडांत आणि आतड्यांत असतो तसाच गर्भाशयाच्या स्नायूतही असतो. गाठीच्या ऊतीत तो शेजारच्या निरोगी स्नायूपेक्षा कमी आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि या संशोधनातील बराचसा तर्क येथूनच सुरू होतो.

तंतुअर्बुद हाताला टणक लागते ते केवळ पेशींच्या संख्येमुळे नव्हे. कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन यांसारख्या पेशीबाह्य द्रव्याचा त्यात अतिरिक्त साठा झालेला असतो, आणि हा साठा वाढवणाऱ्या संकेतकांत ‘टीजीएफ-बीटा ३’ हे वृद्धिघटक प्रमुख मानले जाते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी तंतुअर्बुद-पेशींना कॅल्सिट्रिऑल दिल्यावर या घटकाचा परिणाम मंदावतो, कोलॅजेन आणि फायब्रोनेक्टिन यांची निर्मिती घटते आणि पेशींचे विभाजनही रोडावते, असे २००९ ते २०१२ या काळातील अनेक प्रयोगांत दिसले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकर जातीच्या उंदरांना (त्यांच्या माद्यांत अशा गाठी आपोआप होतात) तीन आठवडे कॅल्सिट्रिऑल दिले असता गाठी लहान झाल्या. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये : उंदरांना दिले ते थेट क्रियाशील रूप. औषधाच्या दुकानातली नेहमीची पुडी म्हणजे ते नव्हे. तिच्यातील ड-३ यकृत आणि मूत्रपिंड पार करून मगच कॅल्सिट्रिऑल होते, आणि निरोगी शरीर त्याचे प्रमाण काटेकोरपणे आटोक्यात ठेवते. प्रयोगशाळेतल्या पेशींवरून थेट रुग्णापर्यंत उडी मारणाऱ्यांनी हा फरक पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

लोकसंख्या-अभ्यास : सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास वॉशिंग्टन शहरातील ३५ ते ४९ वयाच्या १,०३६ स्त्रियांचा असून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील २५-हायड्रॉक्सी ड मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त असलेल्या स्त्रियांत तंतुअर्बुदे असण्याची संभाव्यता सुमारे ३२ टक्क्यांनी कमी आढळली. रोज तासाहून अधिक वेळ उन्हात असल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांतही अशीच घट दिसली. डेट्रॉइट येथील तरुण आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांचा पुढे अनेक वर्षे सोनोग्राफीने पाठपुरावा झाला. २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत २० नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक पातळी असताना गाठींची वाढ सुमारे १० टक्क्यांनी मंद होती. उलट, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणातील २००१–२००६ ची माहिती तपासणाऱ्यांना एकंदरीत संबंध सापडला नाही. मात्र त्या सर्वेक्षणात गाठीचे निदान स्त्रियांच्या सांगण्यावरून नोंदले होते. ज्या आजारात निम्म्याअधिक जणींना लक्षणेच नसू शकतात, तेथे प्रत्येकीची सोनोग्राफी करणाऱ्या अभ्यासांना अधिक वजन देणे योग्य ठरते.

आक्षेपही आहेत. ड जीवनसत्त्व मेदात साठून राहते, त्यामुळे स्थूल व्यक्तीच्या रक्तात ते कमी भरते, आणि स्थूलतेचा तंतुअर्बुदांशीही संबंध जोडला जातो. कृष्णवर्णीय स्त्रियांत या गाठी अधिक होतात आणि मेलॅनिनमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व सावकाश तयार होते, पण या दोन गोष्टींतील एक दुसरीचे कारण आहे असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप साधा आहे. जिच्या अंगावरून सतत जाते ती बाई शेतावर किंवा बाजारात कमी जाते, म्हणजे कमतरता हा गाठीचा परिणामही असू शकेल. गाठी व्हायच्या आधीपासून स्त्रियांचा मागोवा घेणाऱ्या डेट्रॉइटच्या अभ्यासामुळे हा आक्षेप बराच दुबळा झाला आहे. एकूण पुरावा पाहता कमतरता हा गाठीच्या वाढीला हातभार लावणारा एक घटक असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ती गाठीचे मूळ कारण आहे, हे मत तितके टिकत नाही.

कोकणातील स्थिती : महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीनुसार सुमारे ७२० किमी. लांब असून तो साधारणतः १५.७ ते २०.२ उत्तर अक्षांशांत येतो. मे महिन्यात येथे सूर्य डोक्यावर येऊन शून्य सावली दिवस येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. एवढ्या दक्षिणेला भर हिवाळ्यातही दुपारी जंबुपार-ब किरण पोहोचतात. तिरुपती येथील मापनांत सकाळी ११ ते दुपारी २ हा काळ ड जीवनसत्त्वाच्या निर्मितीला सर्वांत अनुकूल आढळला. कोकणात नेमक्या याच वेळी माणसे सावली धरतात. शिवाय जून ते सप्टेंबर दाट ढग असतात, आणि २५-हायड्रॉक्सी रूपाचे अर्धायुष्य (प्रमाण निम्मे होण्याचा काळ) दोन-तीन आठवड्यांचेच असल्यामुळे उन्हाळ्यात जमलेला साठा गणपतीपर्यंत बराच ओसरतो.

‘उन्हाचा प्रदेश म्हणून कमतरता नाही’ हा समज भारतात इतरत्रही खोटा ठरला आहे. दिल्लीतील निरोगी व्यक्तींत ड जीवनसत्त्व कमी असल्याचे २००० मध्येच नोंदले गेले. कोकणात सगळे कामावर अवलंबून आहे. बांबूच्या मांडवावर बोंबील टांगणारी कोळीण दिवसाचे कित्येक तास उघड्यावर असते. वेंगुर्ले-मालवणकडच्या काजू कारखान्यात गर सोलायला बसणारी बाई सकाळी छपराखाली जाते ती उन्हे उतरल्यावरच बाहेर येते. नारळी-पोफळीच्या वाडीत राबणारी बाहेर असूनही सावलीतच असते. लावणीच्या दिवसांत तर डोक्यावर इरले किंवा प्लास्टिक असते. त्यामुळे अक्षांश पाहून एखाद्या बाईच्या रक्तातील पातळीचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

आहाराची बाजू किनाऱ्यावर त्या मानाने बरी आहे. तारली आणि बांगडा हे तेलकट मासे ड जीवनसत्त्वाचे चांगले स्रोत आहेत, आणि तेच स्वस्तही असतात. पापलेटाला मान मोठा असला तरी या बाबतीत बांगडाच सरस आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजी मासळी घटते, श्रावण पाळणाऱ्या घरांत ही टंचाई आणखी लांबते. ऊन आणि मासळी अशी दोन्ही एकाच वेळी कमी होतात. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या यकृततेलाची आयात अडल्यावर मुंबईत आणि केरळात मुशीच्या (शार्कच्या) यकृताचे तेल काढले जाऊ लागले होते, पण त्याचे महत्त्व मुख्यतः अ जीवनसत्त्वासाठी होते. खोबरेल तेलात ड जीवनसत्त्व नसते. शाकाहारी घरांना ऊन, पोषणवर्धित दूध किंवा औषध यांवरच अवलंबून राहावे लागते.

उपचारातील स्थान : इराण, इटली इत्यादी ठिकाणी झालेल्या लहान चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत गाठ किंचित आटली किंवा तिची वाढ थांबली, काहींत लक्षणीय फरक पडला नाही. मोठी गाठ ड जीवनसत्त्वाने विरघळते, असे कोणत्याही चाचणीतून सिद्ध झालेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांची दैनंदिन गरज ६०० आंतरराष्ट्रीय एकक (आययू) आहे. कमतरता आढळल्यास आठवड्याला ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल सुमारे आठ आठवडे देण्याची पद्धत आहे. ‘गाठीवर चांगली’ म्हणून तीच पुडी तपासणीवाचून महिनोन्‌महिने दुधातून घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ आणि मूतखडा होऊ शकतो. रक्तस्राव फार असेल, हिमोग्लोबिन उतरले असेल किंवा गाठ वेगाने वाढत असेल तर औषधे, केवळ गाठ काढणे किंवा पिशवी काढणे हे पर्याय वय आणि मूल हवे की नाही हे पाहून ठरवले जातात. ड जीवनसत्त्वाची पुडी संपण्याची वाट पाहत हा निर्णय लांबवण्यास वैद्यकीय आधार नाही.