बेरोजगारीचा अंदाज आणि व्याजदराची अपेक्षा

मध्यवर्ती बँक पुढील दोन-तीन वर्षांत बेरोजगारी किती राहील याचा अंदाज जाहीर करते, तेव्हा कर्जरोखे, परकीय चलन व सोन्याचे बाजार त्यावरून तिची पुढची दरवाढ किंवा दरकपात ताडतात. बेरोजगारी बँकेने मानलेल्या दीर्घकालीन पातळीच्या वर जाणार असेल, तर मजुरी व किमतींवरचा दाब कमी राहील असे धरून कपातीची अपेक्षा बळावते. खाली जाणार असेल, तर उलट.

या तर्काच्या मूळाविषयी मतभेद आहेत. सामान्यतः अर्थशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. फिलिप्स यांच्या १९५८ च्या निबंधाचा (ब्रिटनमधील १८६१–१९५७ ची आकडेवारी) निर्देश केला जातो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी मात्र १९२६ मध्येच किमती व बेरोजगारी यांचा सांख्यिकीय संबंध दाखवला होता. १९७३ मध्ये तो निबंध पुनर्मुद्रित झाल्यानंतर अग्रमान त्यांना देण्याकडे काहींचा कल दिसतो. परंतु फिशर यांच्या मांडणीत किमतींतील बदल हे कारण आणि बेरोजगारी हा परिणाम आहे. फिलिप्स बेरोजगारीकडून मजुरीकडे जातात. बेरोजगारीच्या अंदाजावरून व्याजदर ताडायचा तर हीच दुसरी दिशा लागते, म्हणून प्रस्तुत विषयापुरते फिलिप्स यांचे नाव अधिक ग्राह्य वाटते. बेरोजगारीच्या ‘नैसर्गिक’ दराची, म्हणजे वर आलेल्या दीर्घकालीन पातळीची, कल्पना १९६० नंतरच्या दशकात फ्रीडमन व फेल्प्स या अर्थशास्त्रज्ञांनी मांडली. हा दर प्रत्यक्ष मोजता येत नाही. अंदाजांची खरी अडचण तीच आहे.

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०२४ अखेरची बेरोजगारी जूनमध्ये ४.० टक्के, तर सप्टेंबरमध्ये ४.४ टक्के अंदाजली. सप्टेंबरच्या त्याच बैठकीत व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरला. बँक ऑफ इंग्लंडने ऑगस्ट २०१३ मध्ये बेरोजगारी ७ टक्क्यांवर येईपर्यंत दरवाढीचा विचार न करण्याचे सूचित केले. ती पातळी २०१६ पर्यंत येणार नाही असा तिचा अंदाज होता. प्रत्यक्षात काही महिन्यांतच बेरोजगारी जवळपास तेथवर उतरली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये हे मार्गदर्शन बदलावे लागले.

भारतीय रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट २०१६ पासून ४ टक्के (अधिक-उणे २) महागाईचे आहे. ती वाढ व महागाईचे अंदाज देते, बेरोजगारीचे नाही.

खानदेशात परदेशी अंदाजांचा परिणाम पोहोचतो तो मुख्यतः जळगावच्या सराफ बाजारातून. अमेरिकेत दरकपातीची अपेक्षा वाढली की सोने बहुधा वधारते, आणि लग्नसराईत जुने सोने मोडून नवे घडवणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवतो. बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानदंडाशी, बहुतांशी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते त्याच्याशी), जोडलेली आहेत. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मात्र व्याज सवलतीमुळे ७ टक्क्यांनी, वेळेवर फेडल्यास ४ टक्क्यांनी पडते. कापूस किंवा केळी उत्पादकाला रेपोची चर्चा म्हणून दूरची राहते.

येथील बेरोजगारी हंगामी आहे. कापूस संपला की जिनिंगचे काम थांबते. सातपुड्यातील कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत उतरतात. देशाच्या श्रमबल सर्वेक्षणातील साप्ताहिक निकषानुसार आधीच्या सात दिवसांत एक तास जरी काम केले, तरी व्यक्ती रोजगारात धरली जाते. रावेरला एक दिवस केळीचे घड वाहून सहा दिवस काम शोधत फिरलेला मजूर त्यामुळे बेरोजगारांत येत नाही. खानदेशापुरता हा दोष गंभीर मानावा लागतो. मे २०२५ पासून निघू लागलेल्या या सर्वेक्षणाच्या मासिक पत्रिका याच निकषावर आधारलेल्या आहेत.