मरळसाठी पॉपर फ्लाय: आम्ही कसा बांधतो, तुम्ही कसा खेळवायचा

राम राम मंडळी. आमच्याकडून पॉपर, म्हणजे फ्लाय छडीने टाकायचा हुकवर बांधलेला नकली चारा, घेतलात, आभारी आहोत. पाण्यात टाकायच्या आधी हे वाचून घ्या, कारण "पॉपर भारी आहे पण मरळ काही लागत नाही" असं सांगत जे गिऱ्हाईक परत येतात त्यातले बहुतेक जण एकच करतात, फार पटापट ओढतात.

पॉपर पाण्यावर तरंगतो. तोंड द्रोणासारखं खोलगट असतं, लाइनला झटका दिला की ते पाणी पुढे ढकलतं आणि बुडूक असा आवाज येतो, खाली बसलेल्या माशाला वाटतं बेडूक पडला. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्कचे असे पॉपर बास माशासाठी बांधायला लागले, ऑस्ट्रेलियात त्यांच्या मरे कॉडसाठी वापरतात, आणि आपल्याकडे यासाठी मरळएवढा चांगला देशी मासा दुसरा नाही असं आमचं ठाम मत आहे. मरळ हवेतला श्वास घेते, मधून मधून तिला वर यावंच लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात गिरणा नाहीतर पांझरा नदीच्या आटत आलेल्या डोहातही ती टिकते आणि नजर कायम वर ठेवून असते.

बांधणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बरेच जण नंतर घरी स्वतः बांधतात (बांधाच, आम्ही फोम सुटा पण देतो). हुक मधे वाकडा केलेला घ्या, १/० किंवा २ नंबर, सरळ दांडीच्या हुकवर फोमची बॉडी गोल फिरते. बॉडीच्या जागी आधी दांडीवर धागा घट्ट गुंडाळा, ग्लू गुळगुळीत लोखंडाला धरत नाही, धाग्याला धरतो. मग मागे शेपटी बांधा, आम्ही गावठी कोंबड्याचीच पिसं वापरतो, रानपक्ष्यांची कोणी आणून दिली तरी घेत नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. फोमला खालच्या बाजूने चीर द्या, चिरेत इपॉक्सी ग्लू भरा, दांडीवर बसवा आणि रात्रभर हात लावू नका. इथे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दांडी बॉडीच्या अगदी खालच्या कडेला बसली पाहिजे, मधोमध बसवली तर हुकच्या टोकापुढची जागा फोमच खातो आणि मासा तोंडात घेऊनही सुटतो. पुढे जाड नायलॉनचा एक लूप हुकच्या टोकाखालून घेतलाय तो कापू नका, जलपर्णीत आणि शेवाळात पॉपर अडकू नये म्हणून आहे.

रंगाचं फार डोक्यात घेऊ नका. मासा खालून बघतो, त्याला आभाळावर सावली दिसते, म्हणून संध्याकाळी आणि गढूळ पाण्यात काळा. बाकी वेळी हिरवा किंवा पिवळा, जो तुम्हाला लांबून दिसेल तो.

सात किंवा आठ नंबरची फ्लाय छडी, तरंगणारी लाइन, पुढे सहा-सात फूट लीडर (लाइन आणि पॉपरच्या मधला दोरा), त्याचा शेवटचा तुकडा १५ ते २० पाउंड ताण झेलणारा, बारीक लावू नका, मरळ लागली की थेट झाडोऱ्यात घुसते. पॉपर गवताच्या कडेला पडला की थांबा, पाण्यावरची वर्तुळं पूर्ण विरेपर्यंत थांबा, मग एकच छोटा झटका, परत थांबा. मासा बहुतेक वेळा पॉपर स्थिर असतानाच घेतो. पाणी उसळलं की छडी वर उचलायची सवय सोडा, छडी पाण्याकडेच ठेवून हाताने लाइन सरळ मागे खेचा, वजन जाणवलं की मगच उचला.

आता एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर बुडबुडताना दिसला तर तिथे पॉपर टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, पिल्लांजवळ काही आलं की ते अंगावर येतात, म्हणजे लागतील सहज, पण मग तो अख्खा घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. सोडायची असेल तर हात ओले करून धरा, तापलेल्या दगडावर ठेवू नका, हुक पकडीनेच काढा, दात लई धारदार असतात. हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच दाबून टाकला तर अजून सोपं.

धरणाचं आणि तलावाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असतं, आधी त्यांना विचारा. शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्यात येतं, तिथे गळ टाकूच नका.

पॉपरचा डबा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात रंग चिकटतो आणि बॉडी ढिली होते. बॉडी फिरायला लागली किंवा शेपटी तुटली तर आणून द्या, हुक गंजलेला नसेल तर परत बसवून देतो, त्याचे पैसे घेत नाही.